परांची सोडताना

“विरघळते म्हणजे? आपोआप?”

विचारताना ओळंब्याचा आवाज चिरकला. तीस वर्षं गवंडीकाम केलं, पण हातून भिंत कधी तिरकी गेली नाही, म्हणून लोकांनी त्याला हे नाव पाडलेलं. आता त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर खांदा काढला. “हाडाला धरून ठेवणारा दोर इथं फाटलाय, काका. तो शिवायचा आणि वर एक पातळ जाळी बसवायची. तुमच्या भाषेत, भिंतीला बांबूंची बांधता ती परांचीच समजा. तिच्या आधारानं दोर भरून येतो आणि सहा महिन्यांत जाळी अंगातच जिरते. काढायला पुन्हा चिरावं लागत नाही.”

डॉक्टर बिचारे सोपं करून सांगायला गेले आणि नेमकं वर्मावर बोट ठेवून बसले. परांचीची गाठ सोडायची तर खालच्याने आधी “सोडतोय” म्हणून हाक द्यायची आणि वरचा “सोड” म्हणेपर्यंत दोराला हात लावायचा नाही, ही ओळंब्याची शिस्त. त्याच्या धाकट्या भावाच्या वेळी कुणीच हाक दिली नाही. बांधणीचं काथ्याचं सुंभ आतून कुजलं होतं. परांची आपोआप सुटली आणि भाऊ तिसऱ्या मजल्यावरून खाली आला, तो गेलाच.

“भिंत वाळली की नाही, हे त्या जाळीला कसं कळणार?”

डॉक्टर हसले नाहीत. “तिला नाही कळत. ती तिच्या गतीनं जिरते. तोवर बहुतेकांचा दोर भरलेला असतो.”

बहुतेकांचा. हा शब्द त्याने घरी आणला आणि उशाशी घेऊन झोपला.

ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी गळ्यातली झोळी निघाली आणि व्यायाम सुरू झाला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. जन्म भिंतींशी गेलेला माणूस, पण खांद्याच्या उंचीवर पेन्सिलीची रेघ ओढून तिथेच अडला. बायकोने कोपराखाली तळवा धरला, तरच बोटं रेघेपलीकडे जायची. सहावा महिना सरत आला तसं त्याने तेही बंद केलं. हात पोटाशी धरून बसायचा. शिंक आली तरी जीव गोळा व्हायचा.

“अहो, सोनोग्राफीत दिसलं ना, भरलाय म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की.”

“डॉक्टर खाली उभे आहेत. वर मी आहे.”

बायकोने त्याला उठवून भिंतीपाशी नेलं आणि कोपराखाली तळवा धरला. बोटं चढत गेली, रेघ खाली राहिली, हात डोक्याच्या वर पोचला.

“सोडतेय,” ती म्हणाली.

दीर गेल्यापासून हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. त्याने वर आपल्या बोटांकडे पाहिलं. ती तशीच थांबली. घाई केली नाही.

“सोड.”

तळवा निघाला. हात जागचा हलला नाही. बऱ्याच वेळाने ओळंब्याने धीर करून खाली पाहिलं. तिचा तळवा कोपराच्या चार बोटं खाली तसाच पसरलेला होता.