पंखा बंद असेपर्यंत

“पंखा बंद!” मी म्हणाले आणि मुलांनी श्वास रोखून धरले.

अक्षदाने कागदावर ठशाने उमटवलेलं पान अजून ओलं होतं. त्या चिकट शाईवर तांब्याच्या रंगाची पावडर टाकायची, तीही शाई वाळायच्या आत. वारा लागला की पावडर उडते, शाई सुकते. म्हणून आमच्या वर्गात तेवढा एकच नियम कडक. बाकी सांडा, लवंडा, हात रंगवा.

“बाई, शिंक आली तर?” शौनकने नाक दाबून विचारलं.

“जिन्यात जाऊन शिंकायचं.”

त्याच्या किल्ल्याच्या नकाशाला आम्ही आधीच म्हातारं केलं होतं. स्पंजाच्या तुकड्याने कडांवर तपकिरी शाई गोल गोल घासली, वर पाण्याचे थेंब टाकून टिपून घेतले. कोरा कागद बघता बघता माळ्यावर सापडल्यासारखा दिसू लागला.

अक्षदा बिरवाडीहून येते; वडील कारखान्यात पाळीवर असतात. तिला हे सगळं अजून पटलेलं नव्हतं. “नवा कागद जुना कशाला करायचा, बाई? आपसूक व्हतोच की तो.”

“आपसूक व्हायला फार दिवस लागतात. तुला संध्याकाळची बस आहे.”

पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजली. टक, टक.

हेही याच खोलीत असतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचा पलंग खिडकीशी, माझं टेबल दाराशी आणि पंखा दोघांत मिळून एक. वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. त्या हातातली अंगठी वाजवून हे मला बोलावतात. पंखा बंद झाला की बोलावतातच. उभा जन्म एसटी चालवली, आंबेनळी घाटाचा वारा तोंडावर घेत. उकाडा ह्यांना सोसत नाही.

आज मात्र जवळ प्रयागबाई बसल्या होत्या, पूर्वी ह्यांच्या गाडीने बाजाराला येणाऱ्या. मीच मुद्दाम बोलावलं होतं. माझी जुनी विद्यार्थिनी अस्मिता, तिने पुण्यात कागदकामाच्या सामानाचं दुकान काढलंय. तिथे शनिवार-रविवार मी मुलांना शिकवावं असं तिच्या फार मनात होतं आणि माझ्या त्याहून जास्त. जिना उतरायचा, दूध-भाजी घ्यायची, जिना चढायचा, एवढंच आता माझं जाणं-येणं. ह्यांनी प्रयागबाईंच्या हातची पेज घेतली, तर मला जाता येणार होतं. अस्मिता संध्याकाळी फोन करणार होती.

“घ्या डायवरसाहेब,” प्रयागबाई म्हणत होत्या. “येक घास. मऊ हाय.”

टक, टक.

मी वळले नाही. गरम हवा सोडणारी हीट गन सुरू करून कागदाला खालून ऊब दिली. पावडर आधी जरा वेळ तशीच बसून राहते. मग एखाद्या कोपऱ्यात वितळते, चमकते आणि रेघेरेघेने पुढे सरकते. अक्षदाचं तोंड उघडंच राहिलं.

“आये गो! तांब्याच्या भांड्यावानी झालं!”

“तोंडच उघडीत नाय गो बाय,” मागून प्रयागबाई म्हणाल्या. “पेज पार गार झाली. आमचा रेडा पन औषदाला येवढा तरास देत नाय.”

मुलं फिदीफिदी हसली. शौनकच्या हसण्याने टेबलावर सांडलेली पावडर उडाली. ह्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

प्रयागबाई एकदम वरमल्या. “थट्टा केली वो. आमच्या वाडीला थांबा नव्हता, तरी माज्या डोईवर पाटी दिसली का गाडी उभी करायचे. आन् मी ह्यांना हसन व्हय?”

पेज ह्यांच्या हनुवटीवर ओघळली होती. मी हात धुतले, पंखा लावला, वाटी घेतली. माझा चमचा पुढे येताच तोंड उघडलं. पहिला घास, दुसरा घास. डोळे मात्र छताकडे. ज्यांच्यासाठी गाडी उभी केली, त्यांच्याकडून हनुवटी पुसून घेणं मलाही जमलं नसतं.

मुलं गेली, प्रयागबाई गेल्या, आणि फोन आला.

“बाई, शुक्रवारचं तिकीट काढू ना?”

“नको गं. दुसरं कुणी बघ.”

“पण प्रयागबाई राहणार होत्या ना?”

“त्या तयार आहेत. ह्यांना जमत नाही.” मला फोन ठेवता येईना. “हे बघ, पावडर टाकताना पंखा बंद ठेवायला सांग. ऊब खालून द्यायची. आणि मुलांना घाई करायची नाही. शाई घासताना बाहेरून आत यायचं, नाहीतर डाग पडतो...”

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हे तुम्हीच सांगायला हवं होतं.”

फोन ठेवला. टक, टक.

“पाणी हवंय?” मान हलली, नको. “कुशीवर वळवू?” नको. डावा हात पंख्याकडे वर झाला.

“वाढवू?”

बोट खाली आलं. मला कळेना. पुन्हा वर, पुन्हा खाली.

“बंद करू?”

पाती थांबेपर्यंत आम्ही दोघंही वर बघत राहिलो. मग ते बोट माझ्या टेबलाकडे वळलं, पावडरीच्या डबीकडे.

मी एक कागद घेतला. कडा घासल्या, पान उमटवलं, पावडर टाकली, जास्तीची झटकून परत डबीत ओतली. कागद चिमट्यात धरून पलंगापाशी आणला, ह्यांना दिसेल असा, आणि खालून हीट गनची ऊब दिली. ह्यांच्या कपाळावर घाम जमला होता आणि कानाकडे ओघळत होता. पुसायला हवा होता. पण पावडर नुकतीच वितळू लागली होती. मी श्वास रोखला. ह्यांनी आधीच रोखला होता.