मुर्रीचं निळं फडकं

दुपारचे तीन. मुर्री गावच्या मंडपात शंभरेक माणसं खोकत होती आणि छोटेलाल महाराजांच्या डोक्यावर टांगलेलं ओलं पांढरं फडकं हळूहळू निळं पडत होतं.

"आली! हवेतली डाकीन, जहरीन आली!" महाराज गरजले. "फडकं तिचं जहर चोखून राहिलं! सांजच्या आरतीले पाहा, छाती मोकळी होते का नाही!"

होत होती, हे खरं. म्हणूनच गर्दी रोज वाढत होती.

पुढच्या रांगेत, भर उन्हात, दम्याची शामकला बसली होती. श्वास घेताना तिचे खांदे कानाला लागत होते. तिचा पंप महाराजांच्या टोपलीत होता. ‘दवाईनं जहरीन चिडते’ म्हणून साऱ्यांनीच आपापली औषधं तिथे टाकली होती.

गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी दामिनी गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं टोपलीत हात घातला. शामकलेच्या नवऱ्यानं, योगराजनं, तिचं मनगट धरलं.

"मॅडम, महाराजानं मना केलं."

"तिचे ओठ पाहा, योगराजभाऊ."

"आरती होऊ द्या, मंग..."

"आरतीपर्यंत जित्ती राहीन का ते?"

योगराजनं पाहिलं. ओठ निळसर पडले होते. त्याची पकड सुटली. पंप त्यानंच काढून शामकलेच्या तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. बऱ्याच वेळानं तिचे खांदे थोडे खाली आले. तिला सावलीत नेलं, दवाखान्यासाठी ऑटो बोलावला.

"आता जहरीन गाव सोडनार नाही!" महाराज ओरडले.

दामिनीनं पिशवीतून तसंच निळं फडकं काढलं. "हे माझ्या वरांड्यात टांगलं होतं. भाताची पेज अन् प्रयोगशाळेतलं पोटॅशियम आयोडाइड लावलं. मंतर एकही नाही म्हटला. तुमच्या फडक्यालेही हेच लावलं असन. अन् महाराज, मंगळवारी ढग होते. तुमचं फडकं पांढरंच राहिलं, कोनी खोकललंही नाही. काऊन?"

"त्या दिवशी... ती माहेरी गेली होती."

मागून कोणीतरी फसकन हसलं.

"माहेरी नाही, ऊन नव्हतं!" दामिनी म्हणाली. "गाड्यांचा धूर, जाळलेल्या कचऱ्याचा धूर, यांच्यावर कडक ऊन पडलं का हवेत ओझोन तयार होते. वर आभाळात तो आपल्याले वाचवते, खाली नाकात गेला का छाती जाळते. फडकं त्यानंच निळं होते. सांजले ऊन उतरते, तसा तोही उतरते. आरती करा का नका करू."

महाराजांनी टोपली पाठीमागे ओढली. योगराजनं ती हिसकून जमिनीवर पालथी केली. पंप, गोळ्या, बाटल्या. एकेक जण पुढे येऊन आपलं औषध उचलू लागला.

कडक उन्हाच्या, वारा पडलेल्या दुपारी दम्याच्या माणसानं घरात राहावं, औषध जवळ ठेवावं आणि कोणीच कचरा पेटवू नये. एवढंच करायचं असतं. त्याला महाराज लागत नाहीत, थोडा विचार लागतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शामकलेनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी मरून राहिली होती," ती म्हणाली, "अन् तुमी फडक्याकडे पाहून राहिले होते."

योगराजनं पंप तिच्या उशाशी ठेवला.