उदी रंगाची गाडी

आपल्या गॅरेजात मडिवाळप्पानं पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर गाडीच्या टाकीवर गोल गोल फिरवला. काळं पाणी ओघळून फरशीवर आलं आणि रुपयाएवढ्या जागेत राखाडी रंग उघडा पडला. बबिता खाली वाकली. त्या जागेवरून तिनं बोट फिरवलं.

"हाच. अप्पा, हाच रंग."

"ताई, हा रंग न्हाई. अस्तर हाय. रंगाच्या आधी पत्र्याला मारतेत ते."

बबितानं पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली; आईची दौऱ्याची डायरी. पंचफुलाबाई जळकोटजवळच्या शेलवाडीला नर्स होत्या, तेव्हाची. सात गावांचं लसीकरण त्या ह्याच राजदूत मोटरसायकलवरून करत. खूण घातलेलं पान उघडून बबितानं ते मडिवाळप्पासमोर धरलं आणि स्वतःच वाचलं.

"'गाडीस उदी रंग देऊन घेतला. लांबून ओळखू यावी.' नोव्हेंबर एक्याऐंशी. उदी म्हणजे राख, अप्पा. तुमच्या कपाळावर आहे तोच रंग."

मडिवाळप्पानं कपाळावरच्या विभूतीला हात लावला. मग टाकीकडे पाहिलं.

"राखंच्या रंगाची गाडी लांबून कशी वळखू यील? फुफाट्यात फुफाटाच की."

"लिहिलेलं आहे ना पण."

"हाव, लिवलंय खरं." तो पुन्हा उकिडवा बसला. "तुमची गाडी, तुमची मर्जी."

नांदेडच्या एका कॉलेजात बबिता ग्रंथपाल होती. कागदावर शाईनं लिहिलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता, आणि ह्या गाडीबद्दल आईच्या अक्षरातली ही एकच ओळ होती. तिच्या स्वतःच्या आठवणीत गाडी काळीच. बबिता दोन वर्षांची असताना वडलांनी ती रंगवून घेतली आणि ऑफिसला न्यायला सुरुवात केली. आईला सायकल मिळाली. आई गाडीवर बसलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती. आता वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि कार्तिकात आईचं वर्ष होतं. त्या दिवशी आईची गाडी आईच्या रंगात शेलवाडीला न्यायची, एवढं तिनं ठरवलं होतं. बाकी विधी भावाकडे होते.

काळा रंग खरवडून काढताना मडिवाळप्पानं टाकीच्या पोटाकडचा तळहाताएवढा भाग तसाच ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

"हे कशाला?"

"आमचा उस्ताद सांगायचा, गाडीचा सगळा जुना रंग काढायचा न्हाई. एक कोपरा ठिवायचा." त्यानं हात पुसले. "कशाला, ते त्यानं सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई."

आईच्या वर्षाला नऊ दिवस उरले असताना बबिता राखाडी गाडी घेऊन शेलवाडीला गेली. चालवून बघायला, असं तिनं मडिवाळप्पाला सांगितलं होतं. फाट्यापासून गावापर्यंतच्या सरळ रस्त्यावर ती मुद्दाम हळू गेली. टपरीसमोर चार-पाच माणसं बसली होती. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पांढऱ्या शर्टातला, भरघोस मिशांचा एकजण तेवढा जवळ आला. व्यंकटी त्याचं नाव, टपरी त्याचीच. वय पन्नाशीच्या अलीकडे.

"राजदूत का? आता दिसत न्हाईत." त्यानं टायरवर चप्पल टेकवून पाहिली. "ॲव्हरेज किती देते?"

केवळाबाईंचं घर त्यानंच दाखवलं. पंचफुलाबाईंच्या हाताखाली त्या दाई होत्या. ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. बबितानं ओळख सांगताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून न्याहाळला आणि कडाकडा बोटं मोडली.

मग त्यांची नजर गाडीवर गेली.

"आन ही कुणाची?"

"आईचीच, मावशी. रंगवून घेतली."

"चल. नर्सबाईची उदी व्हती."

"उदीच आहे ही."

"ही उदी?" केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. "आगं, ही तर चुलीतली राख! कुण्या शान्यानं रंगवली?"

केवळाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वांगं होतं. ते त्यांनी पदरानं पुसून चकचकीत केलं.

"ही बघ उदी. लई उठून दिसायची. लांबून रंग दिसला की सुई आली, सुई आली करत पोरं ज्वारीत पळायची. मी एकेकाला धरून आनायची. एक तर दोन्ही हातांनी दंड दाबून कणगीत बसलेला." त्या हसल्या, मग थांबल्या. "तुझा बाप म्हनला, असल्या रंगाच्या गाडीवर गडीमाणूस बसत नसतो. किती का वर्सं, एका शब्दानं बोलली न्हाई ती. तू तरी इचारायचं, बाई."

बबितानं वांगं हातात घेतलं. देठाचा काटा बोटाला लागला, तरी तिनं ते खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या गॅरेजात तिनं तेच वांगं मडिवाळप्पाच्या पुढ्यात ठेवलं.

"अप्पा, हे उदी."

तो क्षणभर वांग्याकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की विभूती बोटांना लागली.

"उदा! आवो, उस्ताद बैंगनीला उदाच म्हणायचा की! हैदराबादेत शिकलेला माणूस. तुम्ही राख म्हणलाव आन माझं बी डोकं राखंतच गेलं."

"मीच चुकले. तुम्ही म्हणाला होता, अस्तर आहे."

"अस्तर म्हणलो. रंग कुठं वळखला मी?"

बोलता बोलता तो थांबला. दोघांनी एकदमच टाकीकडे पाहिलं.

त्यानं टाकी उतरवून उलटी केली, पट्टी सोडवली, पेपर ओला केला. ह्या वेळी फक्त एका बोटानं, जपून. काळं पाणी गेलं. खालून जांभळा वर आला. चाळीस वर्षांत ऊन न लागलेला, दाट.

"काळा मारणाऱ्यानं दिसेल तेवढंच घासलं," मडिवाळप्पा म्हणाला. "पोटाखाली कोण बघतंय? आळशी व्हता म्हणून वाचलं."

बबिता फरशीवरच बसली. त्या तुकड्यावर तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मडिवाळप्पा चहा सांगायला बाहेर गेला.

मग सहा दिवस तो रंग जमवण्यात गेले. लाल जास्त झाला की जांभूळ, निळा जास्त झाला की शाई. ओला असताना जुळलेला रंग वाळून वेगळाच निघे. मडिवाळप्पा पत्र्याच्या तुकड्यावर बोट ओढायचा, उन्हात धरायचा, मान हलवायचा. चौथ्या दिवशी बबितानं रजा वाढवली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "काळ्याचा एक थेंब," आणि त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं.

सहाव्या दिवशी दुपारी त्यानं काडीनं एक थेंब थेट त्या जुन्या तुकड्यावर सोडला आणि पसरवला. दोघं वाट पाहत बसले. वाळल्यावर त्यानं टाकी तिच्यापुढे सरकवली.

"दाखवा. थेंब कुठं टाकला?"

बबितानं टाकी उजेडात फिरवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरून पाहिलं, आडवं पाहिलं.

"सापडत नाही, अप्पा."

"न्हाई ना?" त्याचा आवाज गल्लीत गेला. "न्हाईच सापडणार! आरं, बघा रे कुणीतरी येऊन!"

समोरचा वेल्डर आला, शेजारचा पंक्चरवाला आला. सगळ्यांनी थेंब शोधला. कुणालाच सापडला नाही. मडिवाळप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता.

वर्षाच्या दिवशी सकाळी बबिता फाट्यावर पोचली, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्ही बाजूंना हुरड्याला न आलेली ज्वारी आणि मधून गावापर्यंत सरळ रस्ता. तिनं गिअर बदलला. ह्या वेळी ती हळू गेली नाही.

टपरी अजून लांब होती. माणसं बोटाएवढी दिसत होती. त्यांतला पांढऱ्या शर्टातला एकजण कपबशा घेऊन वळला, रस्त्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. कपबशा त्यानं बाकावर ठेवल्या. ती जवळ येईपर्यंत तो तसाच उभा होता; मिशांखालचं तोंड किंचित उघडं, आणि उजव्या हातानं डावा दंड घट्ट दाबून धरलेला.