घरची गाडी तपासायची राहिली

त्याचं दुकान गाड्यांच्या बॅटऱ्यांचं, म्हणून सगळा बाजार त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचा. कुणी बंद पडलेली बॅटरी घेऊन आलं की तो आधी तिच्याकडे बघायचा, मग मालकाकडे, आणि म्हणायचा, “बॅटरी मरत नाही हो, मारली जाते.” मग प्रवचन सुरू. टोकांवर पांढरी भुकटी धरू देऊ नका, आतल्या पाण्याकडे लक्ष ठेवा, गाडी दिवसेंदिवस झाकून ठेवू नका, पट्टा ढिला झालाय का बघा. गिऱ्हाइकं माना डोलवायची आणि डॉक्टर आणखी फुलायचा.

सासरे त्याच्याकडेच राहायचे. जन्मभर रुग्णवाहिका चालवलेला माणूस. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, तरी हातातलं चाक सुटलं नव्हतं. नातीला शाळेतून आणायचं आणि गुडघे धरलेल्या एका जुन्या मित्राला वाचनालयात सोडायचं, ही दोन कामं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. घरची गाडी खरं तर तेच चालवायचे.

एकदा त्या गाडीतला ऑल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, बिघडला. डॉक्टरने तो स्वतः उघडला आणि कुठल्याशा जुन्या यंत्रातले भाग घालून पुन्हा बसवला. “घरचा वैद्य असताना बाहेर कशाला जायचं?” असं बायकोला ऐकवलंही.

त्यानंतर गाडी सकाळी अधूनमधून रुसायला लागली. किल्ली फिरवली की नुसती टकटक. डॉक्टर बॅटरी दुकानात न्यायचा, भरून आणायचा, पुन्हा काही दिवसांनी तेच. बॅटरी तर नवीकोरी. मग दोष माणसाचाच असणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

सुट्टीच्या दिवशी मेहुणी आणि साडू जेवायला आले होते. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला आणि सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाला, “मामा, रागावू नका, पण गाडीतला दिवा तुमच्याकडून चालू राहतो. आता वय झालं. किल्ली माझ्याकडे असू द्या.”

ताटावरचे सगळे हात थांबले. साडू पाण्याचा पेला उगाच फिरवत बसला. सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मला तर आठवत नाही,” ते हळूच म्हणाले. “पण बॅटरीतलं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणताय म्हणजे राहिलाच असेल.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली, जावयाच्या ताटाशेजारी ठेवली आणि मान खाली घालून जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून नात शाळेच्या बसने यायला लागली. मित्राचा एकदा फोन आला, तेव्हा सासरे म्हणाले, “मी आता गाडी चालवत नाही रे. विसरायला होतं.”

पुढे एकदा डॉक्टर स्वतः गाडी घेऊन दुकानात गेला आणि ती तिथेच ठेवून घरी चालत आला. सकाळी जाऊन किल्ली फिरवतो तर टकटक. दिवा बंद, दारं बंद, आणि तिला हात लावलेला माणूस तो एकटाच. त्याने बॅटरीची वायर सोडवली, मध्ये मीटर जोडला. गाडी बंद असूनही वीज कुठेतरी चालली होती. मग त्याने ऑल्टरनेटरची वायर काढली, आणि मीटरचा आकडा धाडकन शून्यावर आला.

त्याने बसवलेल्या जुन्या भागातून बॅटरीतली वीज रात्रभर उलटी गळत होती. गिऱ्हाइकाची गाडी असती तर ही तपासणी केल्याशिवाय त्याने ती फाटकाबाहेर सोडली नसती. घरची होती, म्हणून राहिली.

दुपारपर्यंत त्याने नवा ऑल्टरनेटर बसवला. घरी जाऊन सांगून टाकायचं, असं वाटभर घोकत गेला. दारातच बायको म्हणाली, “बघा, बाबांनी चालवणं सोडलं आणि गाडी कशी सुतासारखी सरळ झाली! मी मात्र उगाच त्यांची बाजू घेत होते.”

आत सासरे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टर हात धुवायला मोरीकडे वळला. उद्या सांगू, म्हणाला मनात. उद्याचा परवा झाला आणि परवाचे आठवडे.

गाडी आता कधीच अडत नव्हती, आणि ती न अडण्याने म्हाताऱ्यावरचा आरोप रोज पक्का होत होता. सासरे शेगडी बंद केली का ते पुन्हा पुन्हा बघायचे. दाराला कडी लावून परत येऊन ती ओढून पाहायचे. नातीला विचारायचे, “मी तुला आत्ताच हे सांगितलं का गं?” ती खुदकन हसायची. डॉक्टर हे बघायचा आणि उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

एक दिवस सासरे दुकानात आले. “मला विसरण्याच्या डॉक्टरकडे न्याल? मुलीला कळू देऊ नका. घाबरेल ती.”

दवाखान्यातल्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. सासरे डोळे मिटून पुटपुटत होते. जावयाने कान दिला. ते महिन्यांची नावं उलटी म्हणून बघत होते, शाळकरी पोराने परीक्षेआधी पाढे म्हणावेत तशी.

ते त्याला सहन झालं नाही. “मामा, तुम्ही दिवा विसरला नव्हतात. कधीच नाही. मी बसवलेलं यंत्रच वीज खात होतं.”

सासऱ्यांनी डोळे उघडले. “कधी कळलं?”

“किल्ली घेतल्यावर थोड्याच दिवसांत.”

“मी शेगडी बघायला उठायचो, ते दिसत होतं तुम्हाला?”

डॉक्टरने नजर जमिनीवरून हलवली नाही. “दिसत होतं.”

तेवढ्यात परिचारिका बाहेर आली. “आजोबा, चला, तुमचा नंबर.”

“मला नको बाई,” सासरे उठत म्हणाले. “दुखणं दुसऱ्याचं निघालं.”

परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टरला वाटलं.

पुढच्या सुट्टीला त्याने मेहुणीला आणि साडूला पुन्हा बोलावलं. ताटं वाढण्याआधीच सगळं सांगितलं, शेवटचं दडवणंही. साडू आधी हसला, “वा डॉक्टर, दिव्याखालीच अंधार!” मग बाकीच्यांचे चेहरे बघून गप्प झाला. बायको उठली. “तुमच्या भरवशावर मी बाबांना काय काय बोलले,” एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत राहिला.

डॉक्टरने किल्ली सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी ती बोटाने परत सरकवली. “आज नको.”

बरेच दिवस ती खुंटीवरच राहिली. मग एका सकाळी त्यांनी आपणहून ती उतरवली आणि जावयाला म्हणाले, “चला माझ्याबरोबर. मित्राला आणायचंय.”

“मी कशाला, मामा? तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“हाताला काही झालेलं नाही.” ते दारातच थांबले. “तुमच्यावरचा राग गेला. पण माझा माझ्यावरचा भरवसा अजून आलेला नाही. तो येईपर्यंत शेजारी बसा.”

डॉक्टर मुकाट्याने शेजारच्या जागेवर जाऊन बसला. सासऱ्यांनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तरीही निघण्याआधी ते त्याच्याकडे वळले. “सगळं बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे, मामा,” तो म्हणाला. त्यांच्याकडे बघायचा धीर मात्र त्याला झाला नाही.