किड्यांची भिंत

काशिराम ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतला आणि त्याने तुटलेला तुकडा उचलला. मधाच्या पोळ्यासारखी वाळूची भोकं, आतले किडे मेलेले. बांधासमोर वीस हात लांब भिंत होती. तिचे असेच तुकडे झाले होते.

गव्हाणच्या खाडीत त्याच्या बायकोने, सत्यवतीने, हे किडे चार वर्षं वाढवले होते. ते वाळूच्या कणाला कण चिकटवतात, घराला घर लागून भिंत होते आणि लाट तिच्यावर फुटते. अंकिता मॅडमनी कॉलेजातून येऊन तिला ते शिकवलं. तेव्हापासून मातीचा बांध टिकला होता, मागच्या भाताच्या खाचरांत खारं पाणी शिरलं नव्हतं. सत्यवतीला जाऊन अकरा दिवस झाले होते.

त्याने फावड्याचा दांडा काढला आणि तो भराव टाकायचा धंदा करणाऱ्या हरेशकडे गेला. बांध फुटला की खाचरांवर भराव टाकता येईल, असं हरेश उघड म्हणायचा.

हरेश अंगणात दात घासत होता. "भिंत फोडलीस ना?" म्हणत काशिरामने पहिला फटका त्याच्या खांद्यावर मारला. दुसरा अडवायला त्याने हात वर केला, तेव्हा हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. काशिराम मारत राहिला. हरेशच्या तोंडातून फेस आणि रक्त एकत्र गळत होतं. त्याची बायको मोनाली मध्ये पडली, तर ती उंबऱ्यावर आपटली.

"काका, मी नाय. खाडीत उतरलो पन नाय."

काशिरामचा धाकटा भाऊ गणू धावत आला.

"दादा, सोड त्याला. भिंत मी फोडली."

काल दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तासभर सगळे उन्हात उभे होते. तिला कालवं आवडायची, ताजी घेऊन ये, असं काशिरामनेच गणूला सांगितलं होतं. गणू कोयती घेऊन उतरला. कालवं भिंतीमागच्या दगडांना होती, भिंत फोडल्याशिवाय हात पोचत नव्हता. त्याने ओंजळभर आणून पानावर ठेवली आणि कावळा लगेच आला. तेव्हा काशिराम सगळ्यांसमोर रडला होता.

"मंग सांगलं का नाय?"

"कावला शिवला ना, दादा. तुला बरं वाटलं."

काशिरामने त्याच्याही तोंडावर दांडा मारला. गणूने दात थुंकला आणि तिथेच उभा राहिला.

"अजून मार."

दांडा मोनालीने काढून घेतला.

हरेशच्या मोडलेल्या हातात डॉक्टरांनी सळई घातली. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. अंकिता मॅडम फोनवर म्हणाल्या, किड्यांची पिल्लं पाण्यात असतात, नवे दगड मिळाले तर बसतील, पण पावसाळ्यातल्या उधाणाआधी दगड पडायला हवेत. एवढे दगड आणायला गावात डंपर एकट्या हरेशचा.

काशिराम अजून त्याच्या दारी गेलेला नाही.