अकरा लाल खुणा

मी अकरा सूर बदलले. आधीच सांगून टाकते, म्हणजे मला निष्पाप समजून कुणी पुढे वाचायला नको.

वर्षभरापूर्वीपर्यंत घरात मला ‘मुकी’ म्हणायचे. वर्गात हजेरीलाही मी नुसता हात वर करायचे. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, बाईंनी मला पुढे ढकललं, आणि मी जी बोलत सुटले ती आजतागायत थांबलेली नाही. आता माझं नाव ‘भोंगा’ आहे. आई म्हणते, मुकीच बरी होती, निदान टीव्ही तरी ऐकू यायचा.

मावशी मात्र खूश होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती चेलो वाजवते. चेलो हा व्हायोलिनचा धिप्पाड थोरला काका; खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. दिवसा ती एका मोठ्या वाद्यवृंदात नोकरी करते आणि उरलेला वेळ एका वेडात घालवते. फ्रान्समधले विसरलेले संगीतकार शोधायचे आणि ज्यांनी असलं काही कधीच ऐकलेलं नाही अशा लोकांसमोर ते वाजवायचे. फार जुने नव्हेत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाचे. कुणाचं संगीत आयुष्यात एकदा वाजलं, कुणाचं एकदाही नाही.

“ते मेलेले नाहीत गं,” मावशी म्हणते, “नुसते ट्रंकेत पडलेत.”

तिच्याबरोबर पियानोवर असतात खडूसकाका. नाव मीच ठेवलंय आणि त्यांना ते माहीत आहे. दोघं वाचनालयात वाजवतात, बँकेच्या मोकळ्या दालनात वाजवतात, एकदा तर दवाखान्यात वाजवलं. “चौदा श्रोते होते,” मावशीने अभिमानाने सांगितलं. “त्यातले सहा लिफ्टची वाट बघत होते,” खडूसकाका म्हणाले.

तर गेल्या सहामाहीत मावशीला फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी छायाचित्रं पाठवली. बाई दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचे वडील पोटासाठी लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचे आणि संध्याकाळी घरी संगीत लिहायचे. सगळं बिस्किटांच्या डब्यात राहिलं. त्या डब्यात चेलो आणि पियानोसाठी तीन भागांची एक रचना होती, पेन्सिलीने लिहिलेली. अक्षर म्हणजे कागदावरून मुंग्या पळाल्यासारखं. ते वाचून वाजवणं अशक्य. कुणीतरी एकेक सूर कॉम्प्युटरवर उतरवायला हवा होता.

“मी करते!” भोंगा म्हणाला.

मी लहानपणापासून पियानो शिकतेय, त्यामुळे स्वरलिपी येते. मावशीने मला तिचा जुना लॅपटॉप दिला आणि एकच नियम घालून दिला. “शंका आली की तिथे लाल खूण करायची आणि मला विचारायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.”

पहिला भाग झाला, तीन लाल खुणा झाल्या, मावशीने सोडवल्या. मग दुसरा भाग आला. संथ. पियानोवर एकच पांढरी पट्टी पुन्हा पुन्हा वाजते, थेंब पडल्यासारखी, आणि वरून चेलो येतो. येतो तो नेमका शेजारच्या काळ्या पट्टीच्या सुरावर! पियानो असेल तर दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून बघा. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं होतं.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चळला. लाल खूण केली. पुढच्याच ओळीत पुन्हा तेच. मग पुन्हा. अशा अकरा जागा. अकरा वेळा कुणाचा हात चळत नाही, इतकं मलाही कळत होतं. आणि पहिल्या जागेवर, सुराच्या डोक्यावर, पेन्सिलीने तीन बारीक अक्षरं होती. मी छायाचित्र मोठं केलं. फ्रेंच शब्द. शोधला तर अर्थ निघाला, ‘हो’. शेवटच्या, अकराव्या जागेवर पुन्हा ‘हो’, खाली दोन रेघा मारून.

उतरवून घेणारा इथे अडणार, हे त्या माणसाला माहीत होतं. म्हणून त्याने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. हो, मला हेच म्हणायचंय.

आणि तरीही मी काय केलं, तर चेलोचा सूर प्रत्येक ठिकाणी अर्धी पायरी सरकवून पियानोच्या सुरावर नेऊन बसवला. अकराच्या अकरा. लाल खुणा पुसल्या. ऐकून पाहिलं तर इतकं गोड वाटलं, की मीच माझी पाठ थोपटली.

का केलं तेही सांगते. कारण त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन शाळेचं सभागृह मागितलं होतं आणि मिळवलं होतं. सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभं राहून सांगितलं होतं, “शनिवारी दुपारी माझ्या मावशीचा कार्यक्रम आहे. कंटाळा आला तर आठवडाभर तुमचं दप्तर मी उचलीन.” सगळे हसले, चांगलं हसले. मला ते हसू फार आवडलं. आणि ती मांजराची शेपटी सभागृहात अकरा वेळा वाजली तर कसलं हसू येईल, ते मला ऐकूही यायला लागलं. मला पुन्हा मुकी व्हायचं नव्हतं.

तालमीत खडूसकाका दुसऱ्या भागापाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “हे जरा गुळचट नाही वाटत?”

“वाटतं खरं,” मावशी म्हणाली. “पहिल्या भागात एवढा तिखट माणूस, आणि इथे एकदम...”

मी पानं उलटायला बसले होते. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

“काय गं भोंग्या, मुळात असंच आहे ना?” मावशीने विचारलं.

“असंच आहे,” मी म्हणाले.

मावशीने पुन्हा पानाकडे पाहिलं आणि त्या माणसाची बाजू घेतली. “दमला असेल. माणूस कधीतरी दमतो की. आपण तो दमलेला वाजवू.” तेव्हापासून ती तो भाग इतका हळुवार वाजवायला लागली, की मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी तीनशेवर लोक आले. मुलं, पालक, प्रयोगशाळेतले मामा, सगळे. दुसऱ्या भागात कुणी खोकललंसुद्धा नाही. संपल्यावर टाळ्या थांबेनात. माझ्या मैत्रिणीने मला मिठी मारली, “अगं, मी झोपायची तयारी करून आले होते! ते मधलं काय गोड आहे!” मुख्याध्यापकांनी चित्रफीत शाळेच्या पानावर टाकली. एका छोट्या प्रकाशन संस्थेने मावशीला कळवलं की आम्ही ही रचना छापू, पानं पाठवा. तिच्या या वेडाच्या आठ वर्षांत पहिल्यांदा. मावशीने मला उचलून गरागरा फिरवलं. “तुझ्यामुळे झालं हे सगळं!”

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, कौतुकाने पोट भरलंय तिचं.

चौथ्या दिवशी मी मावशीकडे होते तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला. मावशीला फ्रेंच येतं. ती वाक्यावाक्याला थांबून मला सांगत होती. बाईंनी चित्रफीत चार वेळा पाहिली होती. बाई रडत होत्या. धन्यवाद देत होत्या.

“म्हणतात, मी शेवटचं ऐकलं तेव्हा सहा वर्षांची होते,” मावशी सांगू लागली. “वडील आणि त्यांचा एक मित्र घरी वाजवायचे. दुसरा भाग आला की आई गाल धरून म्हणायची, पुरे, माझे दात आंबले! घरात तो विनोदच झाला होता. या बाई दातांच्या डॉक्टर झाल्या तेव्हा वडील म्हणाले, चला, माझ्या श्रोत्यांची सोय झाली.”

मावशी हसली. मग ऐकता ऐकता तिचं हसू मावळलं.

“म्हणतात, पण यात दात आंबण्यासारखं काहीच नाही. किती गोड आहे. बाबा इतके गोड होते हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी काहीतरी चुकीचंच आठवत बसले. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे, तेव्हा आठवणींवर विसंबायचं नाही, एवढंच.”

फोन ठेवल्यावर मावशी छपाईला पाठवायची पानं लिफाफ्यात घालू लागली. मी एका मेलेल्या माणसाचे सूर बदलले होते, ते एक वेळ मी पचवलं असतं. पण एका जिवंत बाईंची आठवण मी खोटी पाडली होती. त्यांच्याकडे वडिलांची तेवढीच होती.

“मावशी, लिफाफा बंद करू नकोस,” मी म्हणाले.

सांगायला दोन मिनिटं लागली. वादविवादात मी दोन मिनिटांत जग जिंकते. इथे प्रत्येक वाक्य मधेच तुटत होतं.

मावशीने लॅपटॉपवर मूळ छायाचित्रं काढली, चाळिशीचा चष्मा लावला आणि बोटाने मोजत गेली. एक, दोन, तीन. पहिल्या ‘हो’वर बोट थांबलं. दोन रेघांच्या ‘हो’वर तर फारच वेळ.

“हे तू वाचलं होतंस?”

“हो.”

त्या शब्दाची मला लाजच वाटली.

“मी त्याला दमलेला म्हटलं,” मावशी हळूच म्हणाली. “तीनशे लोकांपुढे मी त्याला दमलेला वाजवला. आणि मूळ पानं मीही उघडली नाहीत. म्हटलं, पोरगी करतेय तर बरोबरच असेल.” मग तिने फोन माझ्यासमोर सरकवला. “तू बोलायचंस. मी फक्त भाषांतर करीन. आणि एक शब्दही गोड करणार नाही.”

केलाही नाही. मी बोलले, ती सांगत गेली. ‘मला भीती वाटली की मुलं हसतील’ हेसुद्धा तिने जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण ते सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग मावशीने चेलो जवळ ओढला आणि मला पियानोकडे जायची खूण केली. मी एका बोटाने ती पांढरी पट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. चेलो आला तो शेजारच्या सुरावर. खरखरीत, आंबट, अंगावर येणारा. मावशीने तो धरून ठेवला, सोडलाच नाही.

पलीकडून किंचाळल्यासारखं काहीतरी आलं. मग हसणं, मग रडणं, मग पुन्हा हसणं.

“काय म्हणतात?” मी घाबरून विचारलं.

“म्हणतात, आंबले! दात आंबले! अगदी असंच!” मावशी डोळे पुसत होती. “बाबा दिवसभर लोकांच्या घरातला बेसूर काढून टाकायचे, म्हणतात, आणि संध्याकाळी तो गोळा करून घरी घेऊन यायचे.”

बाईंनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. मावशीनेही ते माझ्या वतीने विचारलं नाही.

लिफाफ्यातली पानं मी पेनाने दुरुस्त केली, अकरा जागा, प्रत्येक ठिकाणी मूळ छायाचित्र शेजारी ठेवून. दोन्ही ‘हो’ होते तिथेच लिहिले. लिफाफा गेला. पण शाळा राहिली होती.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर मी पुन्हा माइकसमोर उभी राहिले. काय केलं ते सांगितलं. कुणीतरी मागून ओरडलं, “मग दप्तर कुणी उचलायचं?” सगळे हसले. मग मावशी आणि खडूसकाकांनी दुसरा भाग पुन्हा वाजवला, खराखुरा. सुरांच्या पहिल्या टकरीला सभागृह खदखदून हसलं, मला जसं ऐकू आलं होतं अगदी तसंच. दुसऱ्या टकरीलाही. सहाव्यापर्यंत हसू थांबलं. आवडलं म्हणून की कंटाळून, ते मला माहीत नाही. मावशीच्या चेहऱ्यावर मात्र दमल्याचा मागमूसही नव्हता. खडूसकाका जाताना एवढंच म्हणाले, “गुळचट माणूस नव्हताच तो. मला वाटलंच होतं.” मला एकदाही रागावले नाहीत, आणि तेव्हापासून मला त्यांना खडूस म्हणवत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मीही सुटले असते. पण शाळेच्या पानावरून काढेपर्यंत जुनी चित्रफीत चार हजार जणांनी पाहिली होती आणि कितीतरी जणांनी उतरवून ठेवली होती. खरी आजवर शहाण्णव जणांनी पाहिलीय. त्यातल्या दहा वेळा तर मीच.

आणि माझी मैत्रीण जिन्यात, डबा धुताना, बस येईपर्यंत तेच गुणगुणते. गोडवालं. त्या माणसाचं म्हणून गुणगुणते ती, आणि ते असतं माझं. काल ती पुन्हा सुरू झाली. मी शेजारी उभी होते. चेलो जिथे यायला हवा तिथे मी तोंड उघडलं आणि शेजारचा सूर लावला, अर्धी पायरी अलीकडे, आणि धरून ठेवला.

तिने कानांवर हात ठेवले. “ई! किती बेसूर! मुद्दाम करतेयस का?”

“हो,” मी म्हणाले.