शुक्रवारचा दिवा

यहुदी व्हायचं मी ठरवलं तेव्हा ताई म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस." मी चिडून तिच्यासमोर जाडजाड पुस्तकं आदळली. दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे आणि मधल्या वेळेत धर्म वाचायचा, असं माझं चाललं होतं. आपल्याला सगळं समजलंय, अशा तोऱ्यात होते मी.

सिनेगॉगमध्ये मात्र मी मागच्या बाकावर बसायचे आणि प्रार्थना संपली की पळायचे. त्या शुक्रवारी संध्याकाळी नर्सबाईंनी दारातच अडवलं. इस्पितळातून निवृत्त झाल्या, तरी हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती.

"जेवायला थांबायचं. नाही म्हणायचं नाही."

मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

मागच्या खोलीत लांब टेबल, पांढरी चादर, दोन मेणबत्त्या आणि वीसेक माणसं. मी शेजारच्या स्वयंपाकघरात हात धुतले आणि बाहेर पडताना खट्कन बटण बंद केलं. "बिल काय तुझा सासरा भरणार?" असं ओरडून ओरडून बाबांनी लावलेली सवय. बटण नेमकं जेवणाच्या खोलीचं निघालं. टेबलाच्या पार टोकाला दोन मेणबत्त्या तेवढ्या मिणमिणत राहिल्या.

शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावायचा नसतो. लागणारे दिवे आधीच लावून ठेवतात. हे मी वाचलं होतं. वाचलं कसलं, खाली रेघसुद्धा मारली होती!

चष्म्याच्या दुकानाचे म्हातारे काका चाचपडत चमचा शोधता शोधता गुडघेदुखीबद्दल बोलू लागले आणि सगळ्यांनी तो विषय उचलून धरला. मला सांभाळून घेत होते बिचारे. त्यापेक्षा कुणी खेकसलं असतं तर सोसलं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मग डोक्यात आलं, मी अजून यहुदी झालेच नाहीये. मला कसली बंदी? हळूच उठले आणि बटणापाशी गेले. मागून नर्सबाई आल्या.

"दिवा लावतेयस?"

"मला चालतं ना? मी अजून तुमच्यातली नाही."

"शब्बाथला दुसऱ्या कुणालाही लाव म्हणायची मला मुभा नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "बाहेरची म्हणून लावणार असशील, तर तुझं तू बघ. ताट मात्र तुझं आमच्यात वाढलंय."

एक बटण दाबलं की माझी चूक झाकली जाणार होती. आणि त्या उजेडात मी पाहुणी ठरणार होते. लाजेने कान तापले होते, बोट बटणावरच होतं. शेवटी मी हात खाली घेतला आणि खुर्च्यांना अडखळत टेबलापाशी परतले.

"कोण आलं?" काकांनी अंधारात विचारलं.

"मीच. दिवा घालवणारी."

"मग बस की. जेवण निवतंय."